सिंगल कॉइल गिटारची घूं कमी कशी करायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर), टेली (टेलिकास्टर) किंवा त्याच बनावटीची कुठलीही सिंगल कॉइलवाली गिटार घरात आली की आठवड्याभरात हे प्रश्न पडतातच. मी बरीच वर्षं स्वतःच्या आणि मित्रांच्या गिटारी उघडून बसतोय आणि फिरून फिरून तेच विचारलं जातं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. एकच विनंती, कॉपर टेप आणायला पळण्याआधी दुसरा प्रश्न वाचा, कारण निम्म्या लोकांचे पैसे आणि रविवार तिथेच वाया जातात.

नवीन गिटार आणली, ॲम्प लावला की घूं असा आवाज येतो. पीस खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. गिटारची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत व्होल्टेज तयार होतं, तोच आपला आवाज. पण क्षेत्र कोण हलवतंय हे त्या वेढ्यांना कळत नाही. भिंतीतली वायर, ॲम्पमधला ट्रान्सफॉर्मर, फ्रिजची मोटर, या सगळ्यांभोवती सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारं क्षेत्र असतं आणि पिकअप तेही उचलतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ९८ हर्ट्झचा असतो, त्याच्या एक सप्तक खालचा जी ४९, म्हणजे आपली घूं जवळजवळ जी वरच बसते, किंचित चढी. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे त्यामुळे तिकडच्या व्हिडिओंत ऐकू येणारी घूं बी च्या जवळची, थोडी उतरलेली. एकदा कानात बसलं की हा विजेचा आवाज आहे का स्पीकरची खरखर हे लगेच कळतं.

हम आणि बझ एकच ना?

नाही, आणि या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. हम म्हणजे ती खालची, गोल, जड घूं. ती चुंबकीय क्षेत्रातून येते. बझ म्हणजे वरची चिरचिर, झर्र, माशी बाटलीत अडकल्यासारखी, ती विद्युत क्षेत्रातून येते, म्हणजे डिमर, ट्यूबलाइट, चार्जर, उघड्या वायरी यांच्यातून हवेतून उडी मारून गिटारच्या आतल्या वायरिंगमध्ये आणि तुमच्या अंगात शिरते. दोन वेगळे रोग आहेत, औषधं वेगळी आहेत. तांब्याच्या पत्र्याने बझ अडते. ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र मात्र तेवढ्या पातळ तांब्यातून काचेतून उजेड जावा तसं आरपार जातं, त्याला काही फरक पडत नाही.

ओळखायचं कसं, तर तीन गोष्टी करा, पाच मिनिटं लागतात. आधी गिटारवरचा व्हॉल्यूम पूर्ण शून्य करा. तरी आवाज तेवढाच असेल तर गिटारला दोष देऊ नका, केबल, पेडल किंवा ॲम्प बघा, कारण शून्यावर पिकअप सर्किटमधून बाहेर गेलेला असतो. मग व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि गिटार गळ्यात घेऊन जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. एखाद्या दिशेला आवाज एकदम पडला आणि पुढे परत वाढला तर तो हम. मग तारांवर तळहात ठेवा, आवाज कमी झाला तर तेवढा भाग बझचा. बहुतेक गिटारींत दोन्ही थोडं थोडं असतं, आपल्याकडे कोणाचा वाटा मोठा आहे ते बघायचं.

तारांना हात लावला की आवाज कमी होतो. अर्थिंग तुटलंय का?

उलट, अर्थिंग जागेवर आहे म्हणूनच कमी होतो. माणसाचं अंग हा मोठा अँटेना आहे, खोलीतली सगळी बझ ते गोळा करतं आणि पोटाला टेकलेल्या गिटारला देतं. तारा ब्रिजमधून ग्राउंडला जोडलेल्या असतात, हात लागला की अंगही ग्राउंड होतं आणि बझ पडते. हे नॉर्मल आहे. फक्त फरक फारच मोठा असेल, म्हणजे हात काढला की कान किटतील इतका, तर शील्डिंग (गिटारच्या आतल्या खोबणींना तांब्याचा पत्रा लावणं) केल्याचा तुम्हाला चांगला फायदा होईल.

माझ्याकडे उलटं आहे, हात लावला की वाढतो.

मग आत काहीतरी उलटं जोडलंय, बहुतेक वेळा जॅकवर हॉट (सिग्नलची वायर) आणि ग्राउंडची अदलाबदल झालेली असते, कधी पिकअपच्या दोन वायरींची. आणि हात लावून काहीच फरक पडत नसेल तर एकतर बझ मुळातच नाही, नाहीतर ब्रिजची ग्राउंड वायर सुटलीय.

हे मल्टिमीटरवर दोन मिनिटांत कळतं. मीटर ओहमवर ठेवा, एक पिन जॅकच्या बाहेरच्या भागाला, दुसरी तारेला. एक-दोन ओहमच्या आत आलं तर जोडणी चांगली. माझ्या पहिल्या स्ट्रॅट कॉपीत मी तीन महिने पेडल्सना दोष देत होतो, शेवटी तार बदलताना मागचं झाकण काढलं तर स्प्रिंगांच्या क्लॉवर डाग दिलेली काळी वायर नुसती टेकून उभी होती, ड्राय सोल्डर, बोटाने हलवली तर गोळीसकट हातात आली. क्लॉचा पत्रा जाड असतो, तो तापत नाही, म्हणून तिथला डाग कच्चा राहतो. पत्रा आधी पॉलिश पेपरने घासा, दणदणीत तापवा आणि मगच सोल्डर सोडा. टेलीत ही वायर बऱ्याचदा ब्रिजच्या पत्र्याखाली नुसती दाबलेली असते, तिथे लाकूड दबलं की संपर्क जातो.

पिकअप स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला गिटार एकदम गप्प का होते?

कारण तुमचा मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आहे आणि त्याचे चुंबकही उलटे आहेत. वेढे उलटे म्हणून हम उलटा येतो आणि दुसऱ्या पिकअपच्या हमशी वजा होऊन जातो, चुंबक पण उलटे म्हणून तारेचा आवाज मात्र दोनदा उलटून परत सरळ होतो आणि बेरीज होते. हमबकरचं (दोन कॉइल जोडून हम मारणाऱ्या पिकअपचं) तत्त्व हेच, गिब्सनमध्ये सेथ लव्हरने १९५५ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. १९५४ ची मूळ स्ट्रॅट अशी नव्हती, तिचे तिन्ही पिकअप एकाच दिशेचे आणि स्विचही तीनच जागांचा, पाच जागांचा स्विच कंपनीतूनच लागून यायला १९७७ उजाडलं.

म्हणून सुटा मधला पिकअप घेताना तो उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवांचा आहे ना हे विचारूनच घ्या. दोन्ही लागतात. फक्त एकच उलटं असेल तर दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा येतो, आणि फक्त चुंबकच उलटे असतील तर हमही जात नाही.

घरात नक्की कशामुळे येतो ते शोधायचं कसं?

मी रात्री करतो, शांतता असते. ॲम्प चालू ठेवायचा, एका हाताने तारा दाबायच्या आणि दुसऱ्या माणसाला घरातली बटणं एक एक करून बंद करायला लावायचं. आपल्या घरांत पहिला आरोपी पंख्याचा रेग्युलेटर. गोल फिरणारा, सलग वेग कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट मधूनच कापतो आणि त्या कापलेल्या धारेतून झर्र निघते. पंखा एकदम फुल केला तर ती बरीच कमी होते, हे करून बघा म्हणजे खात्री पटेल. त्याच्या जागी कपॅसिटरवाला, खट खट करत पायऱ्यांनी फिरणारा रेग्युलेटर बसवला की ती जवळपास जाते, इलेक्ट्रिशियनचं दहा मिनिटांचं काम आहे आणि माझ्या मते गिटारवर खर्च करण्याआधी हा खर्च करावा, कारण मे महिन्यात पंखा बंद ठेवून रियाज कोणी करू शकत नाही.

दुसरा इन्व्हर्टर. लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर सुरू झाला की सिंगल कॉइल अक्षरशः किंचाळते, साइन वेव्हवाल्यावर तसं होत नाही. मग स्वस्त एलईडी पट्ट्या, मोबाइलचे चार्जर, चोकवाली जुनी ट्यूब, इंडक्शन शेगडी. शेजाऱ्यांच्या भिंतीतून येणाऱ्यावर इलाज नाही, तिथे जागा बदला.

आणि ॲम्पपासून लांब बसा. हे फुकट आहे आणि लोक हेच करत नाहीत. ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने पडतं, ढोबळ मानाने अंतर दुप्पट केलं तर आठवा हिस्सा उरतो. ॲम्पवर बूड टेकून वाजवणं आणि दोन मीटरवर खुर्ची घेऊन वाजवणं यात हमचा जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्लगची अर्थची पिन काढली की हम जातो. तसंच ठेवू का?

नका ठेवू. कृपा करून नका ठेवू. तुमच्या गिटारच्या तारा केबलच्या जाळीमधून (सिग्नलच्या वायरभोवतीच्या तारांच्या वेष्टणातून) थेट ॲम्पच्या चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या आहेत. ॲम्पमध्ये आत काही बिघडून चासीवर २३० व्होल्ट आले तर ते घेऊन जायला अर्थची वायर असते, ती नसेल तर तो रस्ता तुमच्या बोटांतून, छातीतून आणि ओठ माइकला लागले असतील तर तिथून जातो. लेस्ली हार्वी हा स्कॉटिश गिटारिस्ट १९७२ साली स्वान्सीत स्टेजवरच माइकला हात लागून शॉकने गेला. पिन काढल्यावर हम गेला याचा अर्थ ग्राउंड लूप होता, म्हणजे दोन उपकरणं दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी अर्थला जोडलेली होती. त्याचा बरोबर इलाज म्हणजे दोन्ही एकाच बोर्डवरून घेणं, किंवा मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला द्यायची छोटी पेटी) लावून त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबणं. ते बटण फक्त ऑडिओचा धागा तोडतं, विजेचं अर्थिंग शाबूत राहतं.

जुन्या वाड्यांत, चाळींत आणि भाड्याच्या खोल्यांत तीन पिनचं सॉकेट असतं पण अर्थच्या भोकामागे वायरच नसते. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वाजवणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला अर्थिंग तपासायला सांगा. ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घेतलात तर फारच चांगलं. गिटारपेक्षा महत्त्वाचं आहे हे.

केबलमुळे होऊ शकतं का?

हो, आणि फार वेळा. जॅकपाशी जाळी तुटली की प्रचंड घूं येते, वायर वाकवली की जाते-येते. दुसरी केबल लावून बघा. स्पीकरची केबल गिटारला लावू नका, दिसायला सारखी असली तरी तिला जाळीच नसते.

शील्डिंग केल्यावर किती फरक पडेल?

बझ असेल तर भरपूर, हम असेल तर शून्य. आधी सांगितलेल्या तीन गोष्टी करून मगच ठरवा. शील्डिंग करूनही घूं तशीच आहे म्हणून निराश झालेले लोक मला दर महिन्याला भेटतात आणि त्यांनी कामात काहीच चूक केलेली नसते, रोग दुसरा होता एवढंच.

बरं, बझच आहे. शील्डिंग करायचं कसं?

सामान आधी. तांब्याची चिकट टेप, लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळते, ऑनलाइनही. अॅल्युमिनियमची टेप स्वस्त पडते पण तिच्यावर सोल्डर धरत नाही म्हणून मी वापरत नाही. सोल्डरिंग आयर्न निदान ४० वॅटचं, २५ वॅटचं पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालच्या भागाच्या) पाठीला पुरत नाही, नुसतं टेकवून बसावं लागतं आणि तोवर पॉट आतून भाजतो. मल्टिमीटर, जुनी तार, कात्री, फोन.

तारा काढा, पिकगार्डचे (पुढच्या प्लास्टिकच्या पाटीचे) स्क्रू काढा आणि काहीही सोडवण्याआधी फोनने चार बाजूंनी फोटो काढा. मग खोबणीत पट्ट्या लावत जा, तळाला आधी, मग भिंती, प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीवर अर्धा सेंटीमीटर चढवायची. टेपची कडा ब्लेडसारखी असते, बोटं कापतात, नखाऐवजी चमच्याच्या पाठीने दाबा. काही टेपचा डिंक वीज जाऊ देतो, काहींचा नाही, म्हणून प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा एक छोटा थेंब ठेवा आणि मीटरने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शून्याजवळ येतं का बघा. एक जीभ वर काढून गिटारच्या अंगावर, जिथे पिकगार्डचा स्क्रू बसतो तिथे आणा, म्हणजे पिकगार्डच्या मागे लावलेला पत्रा त्यावर घट्ट टेकेल आणि डबा पूर्ण बंद होईल. शेवटी खोबणीतून एक वायर पॉटच्या पाठीवर. ही वायर विसरली तर पत्रा नुसता तरंगत राहतो, त्याचा काही उपयोग नाही.

आता सगळ्यात जास्त लोक अडकतात ती जागा. जॅकची खोबण. प्लग घातला की जॅकची लांब पाती बाहेर वाकते आणि बरोबर तुमच्या नव्या चकचकीत तांब्याला टेकते, मग गिटार मुकी. उघडून बघितलं तर सगळं ठीक, कारण प्लग काढला की पाती परत आत येते. म्हणून तिथे आणि स्विचच्या टोकांसमोर तांब्यावर साधी इन्सुलेशन टेप लावून टाका. व्हॉल्यूमपासून जॅकपर्यंतची हॉट वायर जाळीवाली घ्या, पिकअपच्या वायरी एकमेकींत पिळून टाका.

पिकअपच्या कॉइललाच पत्रा गुंडाळायचा मोह होतो, तो टाळलेला बरा. बंद कडं तयार झालं तर त्यात प्रवाह फिरतो आणि आवाजातला वरचा तिखटपणा जातो, आणि सिंगल कॉइल घ्यायची ती त्या तिखटपणासाठीच.

स्टार ग्राउंडिंग करू का?

गिटारच्या आत गरज नाही. सगळे ग्राउंड पक्के जोडलेले असणं महत्त्वाचं, ते एकाच बिंदूवर येतात का यात वेळ घालवू नका.

लॅपटॉपला जोडली की वेगळाच आवाज येतो.

चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर चार्जरच. दोन पिनच्या चार्जरमधून फिल्टर कपॅसिटरवाटे थोडा करंट चासीवर गळत असतो, लॅपटॉपच्या पत्र्यावर हात फिरवला की खरखरीत लागतं ते हेच. तीन पिनचा चार्जर आणि खरं अर्थिंग असलेलं सॉकेट मिळालं तर बहुतेक वेळा सुटतं. माउस हलवल्यावर किंवा पान सरकवल्यावर कुईकुई येत असेल तर ते यूएसबीतून येतं, इंटरफेस दुसऱ्या पोर्टला लावून बघा. आणि लॅपटॉपला पिकअप चिकटवून बसू नका.

पेडलबोर्ड लावल्यापासून वाढलंय.

एक अडॅप्टर आणि त्याला माळेसारखी पाच तोंडं असं असेल तर तिथे बघा. डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब त्याच माळेवर असेल तर त्याची शिट्टी ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते. एकेक पेडल बॅटरीवर चालवून शोधा. आयसोलेटेड पॉवर सप्लाय महाग वाटतो पण माझ्या मते नव्या पेडलच्या आधी तो घ्यावा. आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर बोर्डाखाली वाह पेडलच्या जवळ नको, बऱ्याच वाहमध्ये आत एक कॉइल असते आणि ती पण घूं पकडते.

नॉइज गेटने काम होईल का?

गेट आवाज काढत नाही, तुम्ही वाजवत नसताना दार बंद करतो. हाय गेन रिफमध्ये उपयोग आहे, हळू क्लीन वाजवताना नोटांच्या शेपट्या कापतो. लावायचाच तर ड्राइव्हच्या नंतर आणि डिले-रिव्हर्बच्या आधी. बॉस एनएस-२ सारख्या पेडलला सेंड-रिटर्न असतं, त्यात ड्राइव्ह अडकवले की गेट स्वच्छ गिटार ऐकून उघडतो आणि ड्राइव्हचा आवाज कापतो, हे जास्त नीट चालतं. गेन थोडा कमी करून बघणं हाही उपाय आहेच, पंधरा टक्के कमी गेनवर बँडमध्ये कोणाला कळतही नाही.

हमच आहे आणि तो कायमचा घालवायचा असेल तर?

मग पिकअप बदलायचा, दुसरा खरा रस्ता नाही. नॉइजलेस सिंगल कॉइल म्हणजे बऱ्याचदा एकावर एक ठेवलेल्या दोन कॉइल, वरची तार ऐकते, खालची मुख्यतः हम ऐकते आणि दोघींचा हम वजा होतो. फेंडरचे नॉइजलेस, डीमार्झिओचे एरिया, किनमन अशी नावं दिसतील. लेस सेन्सर १९८० च्या दशकात आले, एरिक क्लॅप्टनच्या १९८८ च्या सिग्नेचर स्ट्रॅटवर तेच होते. आवाजात फरक पडतो का? पडतो, थोडा. बोट उचलताना येणारा तो काचेसारखा कण मला अजून साध्या सिंगल कॉइलमध्येच जास्त मिळतो. पण लग्नाच्या हॉलमध्ये लाइटवाल्याच्या डिमरशेजारी उभं राहून चार तास वाजवायचं असेल तर नॉइजलेस लावा. चुंबक नसलेली डमी कॉइल लावायचाही प्रकार आहे, नीट जमला तर सुंदर, पण घरगुती काम नाही.

बासचं काय?

प्रिसिजन बासचा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ पासून हम वजा करणाराच आहे. जॅझ बासवर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण ठेवा, एक जरा उतरवला की घूं परत येते.

गणपतीत स्टेजवर वाजवायचंय, तिथे काय करू?

लवकर पोचा. जनरेटर असतो, लाइटचे डिमर असतात, एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडलेलं असतं. साउंडवाल्या दादांना सांगून तुमचा ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डवरून घ्या, लाइट दुसऱ्या लाइनवर. माइकला ओठ लावण्याआधी बोटांच्या मागच्या बाजूने स्पर्श करून बघा. एका वर्षी आमच्या चौकातल्या स्टेजवर बझ इतकी होती की पहिलं गाणं मी पूर्ण चौथ्या पोझिशनवर काढलं, नंतर लक्षात आलं की पायाखालून डिमरची जाड वायर आणि माझी केबल दहा फूट शेजारी शेजारी बांधलेल्या होत्या. सुतळी कापून केबल दुसऱ्या बाजूने फिरवली, निम्म्याहून जास्त गेलं. वायरी ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा, समांतर नेऊ नका.

रेकॉर्डिंग करताना उरलेला हम कसा काढू?

आधी जागा शोधा. हेडफोन लावा, वाजवतात तसं बसा आणि खुर्चीसकट फिरत शांत दिशा शोधा. माझ्या खोलीत ती खिडकीकडे तोंड करून, जरा डावीकडे आहे, जमिनीवर खुर्चीच्या चार पायांशी चिकटपट्टीचे तुकडे लावून ठेवलेत. मग सुरुवातीला पाच सेकंद काहीच न वाजवता रेकॉर्ड करा, तारांवर हात ठेवून, म्हणजे सॉफ्टवेअरला नुसत्या आवाजाचा नमुना मिळतो. साफसफाई करायची ती ॲम्प सिम्युलेटरच्या आधी, कोऱ्या सिग्नलवर. एकदा डिस्टॉर्शनमधून गेलं की ५० हर्ट्झ तुमच्या नोटांमध्ये मिसळून नव्या फ्रिक्वेन्सी तयार होतात आणि मग ५०, १००, १५० वर कितीही नॉच (तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारे फिल्टर) मारले तरी त्या निघत नाहीत.